शब्द देऊन टाकणारा कवी

आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात दरवर्षी एक छोटेखानी संगीत नाटक होते आणि त्याची पदे लिहिण्याचे काम माझ्याकडे येते. जो मास्तर कादंबऱ्या लिहितो त्याला पदेही लिहिता येत असलीच पाहिजेत, असा आमच्या गावाचा समज आहे. काही वर्षांपूर्वी अशाच एका पदाच्या ध्रुवपदाच्या शेवटी मी ‘क्षितिज’ हा शब्द योजला होता. रात्री उशिरापर्यंत जागून तो मला सापडला होता आणि त्याचा मला मनातून अभिमानही वाटत होता. तालमीत पेटीवर बसलेले आबा थांबले, चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, “मास्तर, शब्द झकास आहे. पण पोरीने सूर धरायचा कशावर? ‘ज’वर? शेवटी आकार द्या.”

मी रुसलो. दोन दिवस तालमीला गेलो नाही. तिसऱ्या दिवशी मुकाट्याने ‘क्षितिज’ खोडून ‘दिशा’ लिहून दिले. संमेलनाच्या रात्री त्या मुलीने ‘दिशा’मधला आकार असा काही लांबवला की मंडपातली कुजबूज थांबली. बक्षीस तिला मिळाले, ते योग्यच झाले. चाल कोणाची, म्हणून लोकांनी आबांना विचारले. शब्द कोणाचे, हे कोणीच विचारले नाही.

ही आठवण क्षुल्लक आहे, पण हुगो फॉन होफमन्स्टाल या ऑस्ट्रियन कवीचे चरित्र आणि त्याची नाटके वाचताना ती मला सारखी छळत होती. हा कवी 1874 साली व्हिएन्नात जन्मला आणि 1929 साली वारला. विशी उलटण्यापूर्वीच त्याला जर्मन भाषेतला मोठा कवी म्हणून मान्यता मिळाली होती. पुढे त्याने कविता जवळजवळ सोडली आणि उरलेले सारे आयुष्य नाटके व ऑपेराच्या संहिता लिहिण्यात घालवले. रिचर्ड स्ट्राउस या संगीतकाराबरोबर त्याने एकूण सहा ऑपेरा उभे केले. जगभरच्या रंगभूमीवर आज ते ‘स्ट्राउसचे ऑपेरा’ म्हणून ओळखले जातात. कवीचे नाव जाहिरातीत असते, परंतु बारीक अक्षरांत!

अनेक टीकाकारांनी या आयुष्याकडे एका ऱ्हासाची कहाणी म्हणून पाहिले आहे. एवढा थोर भावकवी, आणि तो गवयांसाठी शब्द जुळवीत बसला, असा त्यांचा सूर असतो. मला हे मान्य नाही. माझे म्हणणे असे की होफमन्स्टालने कविता सोडली नाही, त्याने ती दुसऱ्याच्या हाती देण्याची विद्या हस्तगत केली; आणि ही विद्या कविता लिहिण्याहून सोपी नाही.

येथे एक कबुली देतो. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे आणि जर्मन मला येत नाही. ही नाटके आणि पत्रे मी भाषांतरांतून वाचली व ऑपेरा ध्वनिमुद्रणांवरून ऐकले. मूळ शब्दांचा नाद ज्याला कळत नाही त्याने कवीविषयी काय बोलावे, असे कोणी म्हणेल, आणि ते खोटे नाही. पण तीन गायिका एकाच वेळी तीन वेगळे मजकूर गाऊ लागल्या आणि खाली शंभरएक वाद्ये गर्जू लागली, म्हणजे खुद्द व्हिएन्नाच्या प्रेक्षकालाही शब्द फारसे कळत नसावेत. तेवढ्यापुरते त्याचे आणि माझे आसन शेजारीशेजारीच आहे!

होफमन्स्टालची पहिली कविता छापून आली तेव्हा तो सोळा वर्षांचा होता. शाळकरी मुलांना लेखन प्रसिद्ध करण्याची मुभा नव्हती, म्हणून त्याने ‘लोरिस’ हे टोपणनाव घेतले. हेर्मान बार या प्रसिद्ध समीक्षकाने लोरिसचा एक लेख वाचला आणि हा कोणी पुष्कळ जग पाहिलेला प्रौढ गृहस्थ असणार अशी अटकळ बांधली. प्रत्यक्षात समोर आला तो शाळेतला एक पोरगा! पुढे आठ-दहा वर्षांत त्याने ज्या मोजक्या कविता व लहान पद्यनाटके लिहिली त्यांवरच त्याची कवी म्हणून कीर्ती उभी आहे. श्टेफान गेओर्ग हा शुद्ध कवितेचा कडवा उपासक त्याला आपल्या पंथात ओढू पाहत होता. पण त्या देवळात पुजारी म्हणून राहणे या तरुणाला मानवले नाही आणि 1906 साली दोघांचे संबंध कायमचे तुटले.

दरम्यान 1902 साली त्याने एक विलक्षण गद्य लिहिले. चॅन्डॉस नावाचा एक काल्पनिक इंग्रज उमराव तत्त्वज्ञ बेकनला पत्र लिहितो, आणि आपण लिहिणे का सोडले याची कैफियत मांडतो. मोठमोठे शब्द उच्चारू जावे तर ते तोंडातच कुजून जातात, कोणत्याही गोष्टीविषयी ठाम मत देणे अशक्य होते, अशी त्याची व्यथा आहे. उलट उन्हात पडलेले कुत्रे किंवा शेतात विसरलेले अवजार अशी एखादी साधी वस्तू त्याला असा आनंद देऊन जाते की त्याला शब्दच नाहीत. हे पत्र म्हणजे कवीचे मृत्युपत्र, असे पुष्कळांनी मानले. मौज अशी की शब्द संपले असे सांगणारा हा मजकूर कमालीच्या नेमक्या शब्दांत लिहिलेला आहे. ज्याचे शब्द खरोखर संपले त्याला असे पत्र लिहिता येणार नाही. माझ्या मते त्या पत्रात कवितेचा निरोप नसून एक शोध आहे. शब्द एकट्याने सारे पेलू शकत नाही. त्याला सोबत हवी. नटाचा देह, गाणाऱ्याचा गळा, रंगमंचावरची स्तब्धता, ही ती सोबत.

ती सोबत लगोलग मिळाली नाही. 1900 साली त्याने स्ट्राउसला एका बॅलेची कल्पना सुचवली होती आणि स्ट्राउसने ती नाकारली होती. पुढे 1903 साली बर्लिनमध्ये माक्स राइनहार्टने होफमन्स्टालचे ‘एलेक्ट्रा’ हे नाटक रंगभूमीवर आणले. ते पाहून स्ट्राउसला त्यात आपला ऑपेरा दिसला. 1906 पासून दोघांचे काम सुरू झाले आणि 1909 च्या जानेवारीत ड्रेस्डेनला हा ऑपेरा झाला.

‘एलेक्ट्रा’तला एक प्रसंग पाहण्यासारखा आहे. बापाच्या खुनाचा सूड घेण्यासाठी जगणाऱ्या एलेक्ट्राला कळते की ज्याला आपण मेलेला समजत होतो तो भाऊ ओरेस्ट समोर उभा आहे. नाटकात हा प्रसंग झपाट्याने पुढे सरकतो. स्ट्राउसने कळवले की तिच्या तोंडून भावाचे नाव निघाल्यानंतर मला एक मोठा विसावा हवा, तेथे काही ओळी लिहून द्या. एखादा मानी कवी यावर चिडला असता. होफमन्स्टालने ओळी लिहून पाठवल्या. त्यावर स्ट्राउसने उलट लिहिले की तुम्ही जन्मजात संहिताकार आहात, आणि माझ्या लेखी ही सर्वांत मोठी स्तुती आहे. कारण चांगले नाटक लिहिण्यापेक्षा चांगला ऑपेरा लिहून देणे मी कठीण समजतो. हा भाग आज ऐकताना कळते की त्या कठोर, रक्ताळलेल्या नाटकाचा जीव त्या विसाव्यातच आहे. तो विसावा मागितला संगीतकाराने, पण तेथे काय म्हणायचे हे कवीला ठाऊक होते.

आता 1911 साल. 26 जानेवारीला ड्रेस्डेनमध्ये ‘डेर रोझेनकवालिअर’ हा त्यांचा दुसरा ऑपेरा झाला आणि पुढे तो पाहण्यासाठी बर्लिनहून खास आगगाड्या सोडाव्या लागल्या. त्यानंतर दीड महिन्यात, 12 मार्चला, मुंबईत किर्लोस्कर नाटक मंडळीने खाडिलकरांचे ‘संगीत मानापमान’ रंगभूमीवर आणले. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही; तिकडच्यांना इकडची वार्ता नव्हती. तरीही मराठी वाचकाला हा योगायोग मोलाचा वाटेल, कारण दोन्हीकडे प्रश्न एकच होता: नाटकातल्या शब्दाने सुरापुढे किती वाकावे?

‘मानापमान’च्या चाली गोविंदराव टेंबे यांच्या. चाल आधी आणि शब्द मागून, ही आपल्याकडे नवी गोष्ट नव्हती. किर्लोस्कर-देवलांपासून पदे अशी चालींवर लिहिली जात. खाडिलकरांच्या पदांतले शब्द ओढूनताणून बसवलेले वाटतात, असा आक्षेप जाणकारांनी घेतला आहे आणि तो अगदीच निराधार नाही. पण आपल्याकडे गद्य संवादांना नाटक सांभाळता येते. पद लंगडले तरी नाटक चालते. ऑपेरात ती सोय नसते. तेथे बहुधा सारे नाटकच गायचे असते.

‘रोझेनकवालिअर’ म्हणजे गुलाब घेऊन येणारा सरदार. अठराव्या शतकातले, मारिया तेरेसा राणीच्या काळातले व्हिएन्ना. मार्शालिन ही प्रौढत्वाकडे झुकलेली उमरावीण, तिचा सतरा वर्षांचा प्रियकर ऑक्टाव्हियन, आणि लग्नाला उतावीळ झालेला रांगडा बॅरन ओक्स. बॅरनच्या वतीने नियोजित वधूला, सोफीला, चांदीचा गुलाब देण्यासाठी ऑक्टाव्हियन जातो आणि स्वतःच तिच्या प्रेमात पडतो. ही चांदीच्या गुलाबाची चाल व्हिएन्नात कधी नव्हती. ती कवीने मनाने रचली. पात्रांच्या तोंडची ती खानदानी-गावरान मिश्र बोलीही बरीचशी त्यानेच घडवली. ऑक्टाव्हियनचे काम स्त्री करते, आणि नाटकात हा ‘पुरुष’ पुन्हा दासीचे सोंग घेतो. भामिनीच्या वेषातल्या बालगंधर्वांवर लुब्ध झालेल्या आपल्या आजोबा-पणजोबांना ही गंमत पटकन उमगली असती!

या ऑपेराच्या शेवटी ऑक्टाव्हियन आणि सोफी यांचे एक साधेसे युगुलगीत आहे. त्याची चाल स्ट्राउसच्या मनात आधी तयार होती आणि त्याने कवीला वृत्ताचा साचा आखून दिला होता. म्हणजे आपल्यासारखेच, चालीवर पद! होफमन्स्टालने तक्रार केली नाही. उलट असे बांधले जाणे आपल्याला आवडले, त्यात मोत्सार्टच्या जातीचे काही जाणवले, असे त्याने कळवले. हे वाचले आणि मला आबा आठवले. माझा ‘क्षितिज’ गेल्याचे दुःख मी दोन दिवस केले. जर्मन भाषेतल्या थोर कवीला मात्र त्या बंधनात आनंद सापडला.

पण खरी कसोटी याहून पुढे आहे. त्या युगुलगीताआधी तिघींचे गाणे होते आणि मार्शालिन आपल्या प्रियकराला धाकट्या मुलीच्या हाती सोपवून निघून जाते. पहिल्या अंकात तिने हे भविष्य ओळखलेले असते. आपण कधीकधी रात्री उठून घरातली सारी घड्याळे थांबवतो, असे ती तेथे सांगते, आणि वाद्यमेळात हार्प व चेलेस्टा यांचे बारीक ठोके पडू लागतात. शेवटी सोफीचा बाप सहज बोलून जातो की तरुण मंडळी ही अशीच असायची. यावर मार्शालिनने काय बोलावे? पल्लेदार स्वगत लिहिण्याचा मोह येथे कोणत्याही कवीला झाला असता. होफमन्स्टाल तिला फक्त एक छोटा होकार देतो आणि रंगमंचाबाहेर काढतो. बाकीचे सारे सूर बोलतात. त्यानंतर पडदा पडण्याआधी एक लहान नोकर मुलगा धावत येतो, सोफीचा पडलेला रुमाल शोधतो, उचलतो आणि पळून जातो. शब्द एकही नाही. सबंध आयुष्य शब्दांवर हुकमत असलेला माणूस आपल्या सर्वांत लोकप्रिय कृतीचा शेवट एका रुमालावर सोडतो. याला ऱ्हास म्हणायचे, तर संयम कशाला म्हणायचे?

या सहकार्यात गंमतीही झाल्या. कंसातली एक रंगसूचना, हळू व विश्वासात घेऊन बोलावे अशा अर्थाची, स्ट्राउसने चुकून चाल लावून बॅरनच्या तोंडी घातली! दुसऱ्या अंकाची रचना फसली आहे असे त्याने स्पष्ट कळवले तेव्हा कवीने तो पुन्हा लिहिला, आणि तो सुधारला. दोघे एकत्र क्वचितच बसत. काम चाले ते पत्रांनी. एक व्हिएन्नाजवळच्या रोडाउनमध्ये नाजूक प्रकृती सांभाळणारा. दुसरा बव्हेरियातला, रोखठोक, पत्त्यांचा शौकीन. त्यांचा पत्रव्यवहार वाचताना संसार थाटलेल्या पण स्वभाव न जुळणाऱ्या जोडप्याची आठवण येते.

मात्र मी वकिली करीत नाही. हा कवी चुकला, आणि एकाच जागी पुन्हा पुन्हा चुकला: सुरांसाठी जागा सोडण्याऐवजी त्याने अर्थ ठासून भरला तेथे. ‘आरिआद्ने’ची कल्पना मोठी गोड आहे. व्हिएन्नातला एक धनिक शोकांतिका आणि प्रहसन दोन्ही बोलावतो, आणि नऊ वाजता आतषबाजी व्हायची असल्याने दोन्ही खेळ एकदम करा असा हुकूम सोडतो. पण आत निष्ठा आणि बदल यांविषयी कवीने जे गूढ योजले होते ते स्ट्राउसलाही नीट कळेना, तेव्हा ते लांब पत्राने समजावून द्यावे लागले. 1912 साली हा खेळ मोल्येरच्या नाटकाला जोडून केला तो फसला. 1916 साली नवा पूर्वरंग लिहिल्यावर तो तगला. ‘सावली नसलेली स्त्री’ हा 1919 चा ऑपेरा तर प्रतीकांच्या ओझ्याने वाकला आहे. दुसऱ्या स्त्रीची सावली, म्हणजे तिचे मातृत्व, हिरावून आपले सुख साधायचे नाही असे सम्राज्ञी ठरवते तो क्षण अत्यंत उदात्त आहे. पण तेथवर पोचताना प्रेक्षक दमतो. कवीला त्याच नावाची गद्य कथाही लिहाविशी वाटली, यातच सारे आले. जे पत्राने आणि कथेने समजावावे लागते ते रंगभूमीवर पूर्ण झालेले नसते.

संगीताशिवायही तो हेच शिकत होता. 1921 साली रंगभूमीवर आलेल्या ‘अवघड माणूस’ या सुखात्मिकेचा नायक महायुद्धातून परतलेला एक सरदार आहे. आपण बोललो की घोटाळा होतो, अशी त्याची खात्री, आणि नाटक तर सगळे दिवाणखान्यातल्या बोलण्याचे! चॅन्डॉसची व्यथा येथे हसतखेळत परत येते. दुसऱ्या टोकाला ‘येडरमान’. मृत्यू दारात आल्यावर धनवंताला कोण सोबत करते, ही जुनी धर्मकथा. आपल्या कीर्तनात शोभावी अशी. 1920 साली राइनहार्टने ती झाल्झबुर्गच्या कॅथीड्रलपुढच्या उघड्या चौकात केली. मेजवानी ऐन रंगात असताना चर्चच्या मनोऱ्यांवरून नायकाच्या नावाची हाक येते, पुन्हा येते. कवीने तेथे शब्द म्हणून वापरले ते केवळ एक नाव. पण त्याचा अर्थच ‘प्रत्येक जण’ असा असल्याने चौकातल्या प्रत्येकाला ते आपले वाटते. कवी आणि दिग्दर्शक ज्यू वंशाचे म्हणून 1938 मध्ये नाझींनी हा खेळ बंद पाडला. 1946 पासून तो झाल्झबुर्गच्या महोत्सवात पुन्हा होऊ लागला आणि आजही होतो.

शेवट दुःखाचा आहे. 1929 च्या जुलैत होफमन्स्टालने ‘अराबेला’चा पहिला अंक सुधारून पाठवला. 13 जुलैला त्याच्या थोरल्या मुलाने आत्महत्या केली. 15 तारखेला मुलाच्या अंत्ययात्रेला निघण्याच्या वेळी बापाला झटका आला आणि त्याच दिवशी तो गेला. अंक पसंत पडल्याची स्ट्राउसची अभिनंदनाची तार येऊन पडली होती. ती त्याने उघडलीच नाही.

‘अराबेला’ 1933 साली रंगभूमीवर आली. मित्राच्या स्मृतीखातर स्ट्राउसने उरलेल्या दोन अंकांच्या शब्दांना फारसा हात लावला नाही. आणि येथेच माझ्या म्हणण्याचा पुरावा आहे. अखेरीस नायिका पाण्याचा पेला घेऊन जिना उतरते तो क्षण सुंदर आहे; पण त्या दोन अंकांत जागोजाग सैलपणा जाणवतो. तेवीस वर्षांत प्रथमच संगीतकाराने कवीला छळले नव्हते! ते भांडण, ती काटछाट, ते पुन्हा लिहून देणे, यात कवीचा अपमान नव्हता. त्याची कविता तेथेच पुरी होत होती. शब्द जपून ठेवणारे कवी पुष्कळ असतात. तो कोणाला, कधी आणि किती द्यायचा हे ज्याला कळते असा कवी विरळा, आणि त्याचे नाव बारीक अक्षरांत छापले गेले म्हणून तो लहान होत नाही.

यंदाच्या संमेलनाची पदे मी दिवाळीच्या सुट्टीत लिहून ठेवली आहेत. आबांना अजून दाखवलेली नाहीत. तोवर ती झाली, असे मी म्हणणार नाही.